हाताची घडी, तोंडावर बोट

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय होता 'आजचं तंत्रज्ञान'. पण या सभागृहात माझ्यासारखे सॉफ्टवेअरवाले निदान आठ-दहा तरी बसलेत, त्यांनी ते ऐकण्यासाठी रजा काढलेली नाही. म्हणून मी विषय जरा आटोपशीर करून घेतला. ज्येष्ठ नागरिकांना कॉम्प्युटर, मोबाईल आणि इंटरनेट शिकवताना काय दिसतं, एवढ्यावरच मी बोलणार आहे. समोरच्या दोन रांगांत बसलेल्या आपल्या सर-बाईंना हा विषय लागू आहे, मागच्या रांगांच्या आईवडिलांना लागू आहे, आणि आणखी वीस वर्षांनी आपल्या सगळ्यांनाच लागू होणार आहे.

माझी नोकरी पुण्यात. दर शनिवारी सकाळी दीड तास आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत मी हा वर्ग घेते. त्याची सुरुवात नोटाबंदीनंतर झाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये एटीएमसमोर रांगा लागल्या, तेव्हा सोसायटीतले चार काका "मोबाईलवरून पैसे कसे देतात ते दाखव" म्हणून आले. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं होतं. चाराचे आठ झाले. आठाच्या वर मी एका वेळी घेत नाही, कारण प्रत्येकाच्या खांद्यामागे उभं राहता यायला हवं.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं, काय शिकायचंय. उत्तरं ठरलेली असतात. नातवाला व्हिडिओ कॉल. वीजबिल. गॅसचा नंबर लावणं. रेल्वेचं आरक्षण. जुनी नाट्यगीतं. खरं कारण मात्र तिसऱ्या-चौथ्या शनिवारी, चहाच्या वेळी बाहेर येतं: "मुलाला सारखं सारखं विचारायला नको वाटतं गं." हे वाक्य मी पासष्टीच्या बँक अधिकाऱ्याकडून ऐकलंय आणि ऐंशीच्या आजींकडूनही. मला आज जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्याभोवती आहे.

आधी एक गैरसमज. वय झालं की डोकं चालत नाही, म्हणून त्यांना जमत नाही, असं आपण धरून चालतो. माझ्या वर्गात आयुष्यभर खतावण्या लिहिलेली माणसं येतात, वीस जणांचा संसार एका हाती सांभाळलेल्या बायका येतात. त्यांच्या डोक्यात काही कमी नाही. अडचणी आहेत, पण त्या वेगळ्या ठिकाणी आहेत.

पहिली अडचण शरीराची. आपला टचस्क्रीन बोटाच्या दाबावर चालत नाही, बोटातून होणाऱ्या सूक्ष्म विद्युत परिणामावर चालतो. म्हाताऱ्या बोटाची कातडी कोरडी असते, म्हणून स्क्रीनला स्पर्श कळतच नाही. काकू मग जोर लावतात, बोट दाबून धरतात. फोनच्या भाषेत दाबून धरण्याचा अर्थ वेगळा असतो, भलतीच यादी उघडते आणि काकू घाबरतात. यात त्यांचं काय चुकलं? बोटाला किंचित ओल लावायची, आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'दाबून धरणं' कधी मानायचं तो वेळ वाढवायचा. पाच मिनिटांचं काम आहे. अक्षर मोठं करणं हे आणखी दोन मिनिटांचं. द्विनाभी चष्मा लावणारे काका कॉम्प्युटरसमोर मान वर करून बसतात, कारण जवळचं दिसणारी काच खाली असते. अर्ध्या तासात मान दुखते आणि 'मला हे झेपत नाही' असा निष्कर्ष निघतो. स्क्रीन चार बोटं खाली आणला की झेपायला लागतं. माऊसचं डबल क्लिक हे असंच एक दुखणं. दोन क्लिकच्या मध्ये हात थरथरतो, बाण सरकतो. त्यांना सांगायचं, एकदाच क्लिक करा आणि एंटर दाबा. माऊस ओढायची सवय व्हावी म्हणून मी पत्त्यांचा सॉलिटेअर लावून देते. तो १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला आणि आजवर माझ्या वर्गात त्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत.

नोव्हेंबर आला की पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या नावाने तो डिजिटल मिळू लागला, पण त्याला अंगठा लागायचा. आयुष्यभर भांडी घासलेल्या, खडू धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणायचं, जुळत नाही. जिवंत माणूस समोर बसलाय आणि यंत्र त्याला ओळखत नाही! २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, आता घरबसल्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर काम होतं. आमच्या वर्गात नोव्हेंबरचा पहिला शनिवार याच कामाला राखून ठेवलेला असतो. पहिला दाखला निघाला की पेढे येतात.

दुसरी अडचण भाषेची. ब्राउझर, डाउनलोड, लॉगिन, अपडेट. हे शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो की ते शब्द आहेत हेच विसरतो. मी ते टाळत नाही, कारण फोनवर तेच दिसणार असतात. पण प्रत्येक शब्दाला त्यांच्या ओळखीचं काहीतरी जोडून देते. फोल्डर म्हणजे कपाटातला कप्पा. लिंक म्हणजे दार, आणि दार कोणी लावलंय ते बघितल्याशिवाय आत जायचं नाही. सगळ्यांत उपयोगी पडलेली जोडी म्हणजे, ओटीपी आणि पिन म्हणजे चेकवरची सही. हे एकदा बसलं की पुढचं आपोआप सुटतं. आपल्या खात्यात कोणी पैसे भरले तर आपली सही लागते का? नाही. पैसे काढायचे तर लागते. मग पैसे मिळवण्यासाठी पिन टाका असं कोणी सांगत असेल, तर तो पैसे देतोय की नेतोय? अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, "नेतोय!" फोनवरच्या अनोळखी माणसाला चेक सही करून देणारा मला आजवर भेटलेला नाही. ओटीपी सांगून बसलेले मात्र भेटलेत, कारण त्यांना ती सही आहे हे कोणी सांगितलंच नव्हतं.

तिसरी अडचण सगळ्यांत मोठी. भीती. "काही बिघडलं तर?" आठवतंय ना, आपल्या शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागायचं? मशीनवर प्लॅस्टिकचं आवरण असायचं आणि बोट लावायच्या आधी परवानगी. ती आपली गोष्ट. आपल्या आईवडिलांच्या पिढीत तर रेडिओचं बटणसुद्धा घरातला एकच माणूस फिरवायचा. महाग वस्तू जपून वापरायची, हा त्यांचा संस्कार. आणि मोबाईल शिकायचा तर नेमकं उलट करावं लागतं, दाबून बघावं लागतं.

म्हणून माझा पहिला धडा आत कसं जायचं हा नसतो, परत कसं यायचं हा असतो. मागे जायचं बटण आणि पहिल्या पानावर जायची खूण. मग मी म्हणते, "आता दहा मिनिटं हवं ते दाबा आणि मुद्दाम हरवा. हरवलात की परत या." पाच-सहा वेळा हरवून सुखरूप घरी आलं की चेहरे बदलतात. एक काका मला म्हणाले, "अगं, हे तर गडावर चढण्यासारखं झालं. उतरायची वाट माहीत असली की चढायला भीती नाही."

आता शिकवण्याची रीत. तिचे नियम तीनच आहेत.

पहिला, समोरच्याच्या हातातला फोन आपल्या हातात घ्यायचा नाही. कितीही वेळ लागो. आपण काय करतो? "द्या इकडे" म्हणून फोन घेतो, चार ठिकाणी टकटक करतो, "झालं बघा" म्हणून परत देतो. काम होतं, शिकणं होत नाही. उलट हे आपल्याला कधीच जमणार नाही, एवढं मात्र पक्कं होतं. शाळेत आपल्याला सांगायचे, हाताची घडी, तोंडावर बोट. ही शिस्त खरं तर शिकवणाऱ्याला लागते. त्यांचं बोट चुकीच्या बटणाकडे जाताना दिसत असतं, आपली जीभ वळवळत असते, तरी गप्प बसायचं. त्यांना चुकू द्यायचं आणि परत येऊ द्यायचं.

दुसरा नियम, 'सोपं आहे' हे शब्द उच्चारायचे नाहीत. आपण धीर द्यायला म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, सोपं असूनही मला येत नाही, म्हणजे मी अगदीच ढ. त्याऐवजी म्हणायचं, "हे जरा किचकट आहे, दोन-तीनदा करावं लागेल." मग दुसऱ्या वेळी जमलं की त्यांना स्वतःचं कौतुक वाटतं.

तिसरा नियम वहीचा. मी छापील कागद देत नाही. प्रत्येकाने पायऱ्या आपल्या शब्दांत, आपल्या हातानं लिहायच्या. एका आजींच्या वहीत व्हिडिओ कॉलचं वर्णन असं आहे: 'हिरवा डबा उघडणे. चिन्मयच्या फोटोवर टिचकी. वर उजवीकडे कॅमेऱ्याचं चित्र. मग केस नीट करणे.' याहून चांगलं माहितीपत्रक आमच्या कंपन्यांत कोणी लिहिलेलं नाही.

कंपन्यांचा विषय निघालाच आहे, तर आमच्या धंद्याबद्दलही बोलते. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं लिहायची फॅशन कुठून आली कोण जाणे. वेबसाठी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ ला १ असावा, असं स्पष्ट लिहिलंय. वाचायला पुरेसा वेळ मिळावा, हेही लिहिलंय. तरी ओटीपीचं घड्याळ तीस सेकंदांत संपतं आणि प्रत्येक अपडेटबरोबर बटणं जागा बदलतात. वही लिहिणाऱ्या आजींच्या दृष्टीनं हे म्हणजे कोणीतरी रात्रीतून स्वयंपाकघरातले डबे हलवून ठेवण्यासारखं आहे. आपल्यातले जे माझ्याच धंद्यात आहेत, त्यांना विनंती: नवीन काही बनवलंत की ऑफिसातल्या पंचविशीतल्या मुलांबरोबर एखाद्या सत्तरीतल्या माणसाच्याही हातात देऊन बघा. आणि तेव्हाही हाताची घडी.

आता दोन प्रसंग सांगते. माणसांची नावं सांगणार नाही.

एक काकू, वय चौऱ्याहत्तर. यजमान गेले. बँकेचं सगळं तेच बघायचे. मुलगा परगावी. त्यानं अतिशय काळजीनं आईच्या खात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडला, म्हणजे आईला त्रास नको. परिणाम असा झाला की ओटीपी त्याच्याकडे, मेसेज त्याच्याकडे, खात्यात किती आहेत ते त्यालाच ठाऊक. काकूंच्या फोनवर यूपीआय सुरू होईना, कारण बँकेत नोंदलेला नंबर त्याच फोनमध्ये असावा लागतो. मैत्रिणीच्या नातीच्या लग्नात आहेर किती करायचा, तेही त्या मुलाला विचारायच्या. काकूंनी बँकेत जाऊन अर्ज दिला, स्वतःचा नंबर नोंदवला. पुढच्या शनिवारी वर्गात बसून त्यांनी पहिल्यांदा आपली शिल्लक बघितली. बराच वेळ आकड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बरेच आहेत की. मी उगीच काटकसर करत होते." मुलगा सुरुवातीला थोडा दुखावला. आता तोच मित्रांना सांगतो, आईचा नंबर आईच्याच खात्याला असू द्या. त्याचा हेतू उत्तमच होता. पण एखाद्याची काळजी घेता घेता त्याचा कारभार आपल्या हातात कधी येतो, ते कळत नाही.

दुसरा प्रसंग एका निवृत्त अधिकाऱ्यांचा. अत्यंत हुशार, शिस्तीचे. त्यांना व्हिडिओ कॉल आला. समोर पोलिसी गणवेशातला माणूस. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, तुम्हाला 'डिजिटल अटक' झालीय, फोन ठेवायचा नाही, कोणाला सांगायचं नाही. घाबरून त्यांनी सांगितलेल्या खात्यांत पैसे पाठवले. आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. पण मला यातलं सगळ्यांत दुःखद वाटतं ते पुढचं. त्यांनी ही गोष्ट अकरा दिवस घरात कोणालाही सांगितली नाही. पत्नीलाही नाही. आम्ही विचारलं, का? म्हणाले, "मुलगा म्हणाला असता, बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं."

सायबर फसवणुकीची तक्रार नोंदवायचा राष्ट्रीय क्रमांक १९३० आहे. तो कसा उपयोगी पडतो हे समजून घ्या. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात फिरवला जातो आणि मग काढला जातो. तो खात्यांत फिरत असतानाच तक्रार पोचली तर बँका तो अडवू शकतात. म्हणजे हा तासांचा हिशेब आहे. अकरा दिवसांनी अडवायला फारसं काही उरत नाही. त्या अकरा दिवसांची किंमत पैशात मोजली तर अज्ञानापेक्षा लाजेची रक्कम मोठी निघेल.

वीस-बावीस वर्षं मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरक्षेसाठी आम्ही काय काय करतो, पासवर्डवर पासवर्ड, पडताळणीवर पडताळणी. पण म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांत भक्कम सुरक्षा कोणती, असं मला विचाराल तर मी सांगेन, घरात न घाबरता प्रश्न विचारता येणं. 'व्हॉट्सॲपवर फोटो कसा पाठवायचा' हे दहाव्यांदा विचारल्यावर ज्यांना हसतमुखानं उत्तर मिळतं, ते संकटाच्या वेळीही पहिला फोन आपल्यालाच करतात. ज्यांना कपाळावरची आठी दिसते, ते गप्प बसतात. फसवणारा माणूस दोन-दोन तास गोड बोलत बसतो, त्याला कसलीच घाई नसते. त्याच्या आणि आपल्यामधली ही स्पर्धा आहे, आणि ती धीराची आहे.

हे सगळं फार गंभीर झालं. वर्गात आनंदही पुष्कळ आहे. एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका येत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला सुरू केलेल्या विश्वकोशाचे खंड आता घरबसल्या फुकट वाचता येतात, हे कळल्यावर त्यांनी तो आठवडा जेवणाखाणाकडे लक्ष दिलं नाही. नंतर मोल्सवर्थचा १८५७ चा शब्दकोशही इंटरनेटवर सापडला. आता त्या मलाच शब्द विचारून छळतात. एका काकांनी नकाशावर उपग्रहाच्या चित्रात आपलं गाव शोधलं, विहीर शोधली, चिंच मात्र सापडली नाही. टाइप करायचा कंटाळा असलेल्या एका आजींना मी बोलून मराठी लिहायची सोय दाखवली. त्या फोनला म्हणतात, "लिही बाळ." फोन तेही लिहितो.

शेवटी दोन गोष्टी मागते, तेवढं करून मी बसते.

माझ्या वर्गमित्रांनो, आज घरी गेलात की, किंवा परगावी असाल तर पुढच्या भेटीत, आईवडिलांजवळ अर्धा तास बसा. त्यांच्या फोनवरचं अक्षर मोठं करा. त्यांच्या बँक खात्याला कोणाचा नंबर आहे ते बघा. १९३० हा क्रमांक त्यांच्या हातानं त्यांच्या वहीत लिहू द्या. आणि एक वाक्य तोंडानं म्हणा: "काहीही झालं, पैसे गेले तरी, मला आधी सांगा. मी रागावणार नाही." हे वाक्य मनात असून उपयोग नाही, त्यांना ऐकू यावं लागतं.

दुसरी मागणी शाळेकडे. कॉम्प्युटरची खोली रविवारी बंद असते. ती सकाळी दोन तास आम्हाला द्यावी. गावात राहणारे आपल्यातले चार जण आळीपाळीनं यायला तयार झाले तर वर्ग सुरू होईल. पहिले काही रविवार मी पुण्याहून येईन आणि शिकवायचं कसं ते दाखवीन. पहिली तुकडी आपल्या सर-बाईंची असावी, अशी माझी इच्छा आहे. सर, बाई, लाज मुळीच वाटू देऊ नका. आमच्यातल्या कित्येकांना तुम्ही भागाकार किती वेळा समजावला, ते आम्हाला चांगलं आठवतं. तेव्हा तुम्ही हिशेब ठेवला नाहीत, आता आम्हीही ठेवणार नाही.

नाव नोंदवायला दाराजवळ एक वही ठेवली आहे. शिकायला येणाऱ्यांनी डावीकडच्या पानावर आणि शिकवायला येणाऱ्यांनी उजवीकडच्या पानावर लिहावं.

आता कोणाला काही विचारायचं असेल तर हात वर करावा.